कंट्रोलर आप्पांची डबल बेल

आमच्या कंट्रोलर आप्पांना फिल्म दाखवायची म्हणजे त्यांच्यासाठी लाकडी हातांची खुर्ची ठेवावी लागे. प्लास्टिकची चालत नसे, कारण तिच्यावर बेल वाजत नाही. आप्पांनी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर खुर्चीच्या हातावर एकदा आपटलं की प्रोजेक्टर थांबवायचा, दोनदा आपटलं की सोडायचा. कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गाड्या सोडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? थिएटरात ते म्हणे एकदाच गेले होते. मध्येच त्यांनी बेल दिली आणि सिनेमा काही थांबला नाही. "आपलं कोन ऐकत न्हाई तितं," एवढंच ते त्याबद्दल बोलत.

तेव्हा मी कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं हलवत होतो. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ॲनिमेशन हा शब्द उच्चारला की लोक एखाद्या औषधाचं नाव ऐकल्यासारखा चेहरा करत. सेकंदाला बारा चित्रं मी काढायची, माझा मित्र सुनील याने ती आपल्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने एकेक करून टिपायची, फिल्म धुवायला मुंबईला पाठवायची, आणि पंधरा दिवसांनी ती परत आली की चादरीवर बघायची. चार मिनिटांच्या फिल्मला वर्ष जाई. साताऱ्यात एक, सांगलीत दोघं आणि पाचगणीच्या एका शाळेत एक बाई, असे आमच्यासारखे आणखी चार वेडे होते. सगळ्यांच्या फिल्मा माझ्या खोलीत बघायच्या असं ठरलेलं होतं, रविवारी दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून. आप्पा शेवाळे माझ्या खालच्या खोलीत राहत. नुकतेच रिटायर झालेले आणि एकटे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्यावर ते कधी बोलत नसत.

पहिल्यांदा वर आले ते भांडायला. आमचा प्रोजेक्टर इतका धडधडे की त्यांच्या छताची माती खाली पडे. दारात उभे राहून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. चादरीवर माझा हमाल खांद्यावर गुळाची ढेप घेऊन चालला होता. ती माझी पहिली फिल्म, तिचा मला फार अभिमान होता.

"ह्याची गाडी कुटली?" आप्पांनी विचारलं.

"त्याला गाडी नाही आप्पा. तो फक्त चालतोय."

"फक्त कोन चालतं व्हय, मास्तर? इतकी वर्सं खिडकीतनं बगतोय, फक्त चालनारा मानूस अजून न्हाई बगितला. अन् ती ढेप कागदाची हाय."

दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या अडत्याकडून खरी ढेप घेऊन आले. ती माझ्या खांद्यावर ठेवली आणि मला तीन वेळा जिना उतरवून चढवलं. शेजारपाजारचे बघायला जमले. माझ्या शाळेतली दोन मुलंही होती, त्यांच्यापुढे माझी जी शोभा झाली ती झालीच. तिसऱ्या फेरीनंतर मी पायरीवर बसलो, तेव्हा आप्पा ढेप उतरवून घेत म्हणाले, "आता काडा." मी कलेचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस, मनातून चांगलाच रागावलो होतो. पण चित्रं काढायला बसलो तर हमालाची मान आपोआप आत गेली आणि पाय जमीन चाचपायला लागले. राग तिथेच संपला. त्या रविवारपासून लाकडी खुर्ची आली.

आप्पांची रीत ठरलेली होती. फिल्म संपली की आधी चहा. मग म्हणायचं, "मी काय बगितलं ते सांगतो. तुमी काय दावलं ते तुमचं तुमी तपासा." आणि खरोखर पहिल्यापासून शेवटपर्यंत काय पाहिलं ते सांगत. म्हातारा आला, टोपी काढली, इकडेतिकडे बघितलं, कशाला बघितलं ते कळलं नाही. चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. पण त्यांच्या तोंडून आपलीच फिल्म ऐकताना कुठे घाण केली आहे ते आपलं आपल्याला कळे. मग यायचा तो प्रश्न. गाडी कुठली? म्हणजे या माणसाला कुठे पोचायचंय आणि कशासाठी. हा प्रश्न ते माणसालाच नव्हे, कशालाही विचारत.

पाचगणीच्या बाईंनी एकदा स्ट्रॉबेरीची फिल्म आणली. टोपलीतून एक स्ट्रॉबेरी उडी मारते आणि नाचत सुटते. रंग असे की आम्ही सगळे बघत राहिलो. आप्पांनी चहा संपवला, फिल्म सांगून दाखवली आणि विचारलं, "हिची गाडी कुटली, बाई?"

बाईंचा चेहरा पडला. "आप्पा, ती स्ट्रॉबेरी आहे."

"व्हय की. पन टोपलीतनं पळाली म्हंजे कुटंतरी निगाली आसंल."

बाई फिल्मचा डबा उचलून गेल्या. मला वाटलं आता त्या येत नाहीत. चार महिन्यांनी आल्या त्या नवी फिल्म घेऊन. तीच स्ट्रॉबेरी, तीच टोपली, पण आता ती रस्त्याने, गटारातून, माणसांच्या पायांतून आपल्या वाफ्याकडे परत चालली होती, आणि वाटेत हळूहळू सुकत होती. सांगलीच्या दोघांपैकी एकाने चष्मा पुसायला घेतला. आप्पा म्हणाले, "वेळेवर सुटली."

हे त्यांचं सर्वात मोठं बक्षीस. त्याच्यावर त्यांच्याकडे काही नव्हतं. बाईंना ते मिळालं, सांगलीकरांना एकदा मिळालं. मला, ज्याच्या घरात हा सगळा कारभार चाले आणि ज्याच्या दुधाचा चहा होई, त्याला एकदाही मिळालं नव्हतं.

बाहेरगावच्यांना त्यांची पोस्टकार्डं जात. सातारकरांच्या कुत्र्याच्या फिल्मवरचं कार्ड मी वाचलं आहे. "कुत्रे येते. बेकरीपुढे बसते. बसल्यावर कुत्रे राहत नाही, फोटो होतो. बसलेले कुत्रे व उभा माणूस कधीच गप नसतात. स्टँडवर दोन तास बसून बघावे. शेपटीत जीव आहे. ती कोणाची पाहून काढली ते कळवावे." सातारकर ते कार्ड पाकिटात घालून फिरत.

कधीकधी शब्द पुरत नसत. मग आप्पा धोतराचा काष्टा सावरून स्वतःच करून दाखवायचे. गाडी चुकलेला माणूस हा त्यांचा खास. "गाडी गेली म्हनून मानूस लगीच थांबत न्हाई. आनकी चार पावलं पळतो, मग हळू हुतो, मग केसावरनं हात फिरवतो. आपन पळतच नव्हतो, आसं दावतो." आणि हे सगळं ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करून दाखवत. दुसरी त्यांची आवडती म्हणजे गाडीत चढणारी बाई. डाव्या हातात गाठोडं, उजवा हात गुडघ्यावर दाबायचा, पाय पायरीवर, आणि तिथे थांबून मागे वळून बघायचं. साठी उलटलेला मिशाळ माणूस, पण ती बाई समोर उभी राही.

"मागं का बघते?" मी विचारलं होतं.

"बायका बगत्यात," ते तुटकपणे म्हणाले.

"हिची गाडी कुठली, आप्पा?"

"मिरज. धा चाळीस." हे मात्र पटकन आलं.

मी ठरवलं, हीच आपली पुढची फिल्म. एक बाई गाठोडं घेऊन स्टँडवर येते, पाट्या वाचत फिरते, मिरजेची गाडी शोधते, चढते, गाडी सुटते. आप्पांनी शिकवलेलं सगळं मी तिच्यात ओतलं. गाठोड्याला वजन होतं, उभी माणसं गप नव्हती, मागे एकाची गाडीही चुकत होती. आणि शेवट तर मी खास त्यांच्यासाठी बांधला. स्टँडवरच्या घड्याळाचा काटा दहा चाळीसवर येतो, बाई मागे वळते, त्याच क्षणी गाडी हलते. एक चित्र इकडे नाही की तिकडे नाही. आता कसे म्हणत नाहीत वेळेवर सुटली ते बघतो, असं मी सुनीलला म्हणालोसुद्धा. मुंबईच्या एका स्पर्धेला फिल्म पाठवायची होती. प्रवेशिका भरून तयार होती, दुसऱ्या दिवशी पार्सल करायचं एवढंच राहिलं होतं. पण मला आधी ते दोन शब्द हवे होते.

रविवारी आम्ही तिघेच होतो. सुनीलने प्रोजेक्टर लावला. बाई स्टँडवर आली आणि आप्पा खुर्चीत पुढे सरकले. एकदाही बेल दिली नाही. मी मनात खूश होत होतो. बाई गाडीपाशी आली, गुडघ्यावर हात दाबला, पायरीवर पाय ठेवला, मागे वळली, आणि खुर्चीच्या हातावर एकच आवाज झाला. टक.

सुनीलने प्रोजेक्टर थांबवला. बाई चादरीवर आमच्याकडे बघत राहिली. आमच्या जुन्या यंत्रात फिल्म फार वेळ थांबवता येत नसे, दिव्याच्या आचेने ती जळे. आप्पांना हे माहीत होतं, एरवी ते लगेच दोन बेल देत. आज देईनात. बाईच्या पदराशी तपकिरी डाग दिसायला लागला.

"आप्पा, जळेल," मी म्हणालो.

त्यांनी दोन बेल दिल्या, पण अगदी हळू. काटा दहा चाळीसवर होता. गाडी सुटली.

चहा झाला. नेहमीप्रमाणे फिल्म सांगतील म्हणून मी वाट बघत होतो. आप्पा कपाच्या कानाशी खेळत बसले होते. मग म्हणाले, "मास्तर, ह्यातली गाडी जरा उशिरा सोडता येईल का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणालो, "आप्पा, बरोब्बर वेळेवर सोडलीय."

"तेच की." त्यांनी कप खाली ठेवला. "मंडळींना दवाखान्यात न्यायची हुती, मिरजंला. मेव्हना संगं हुता. माजी ड्युटी. पायरीवर पाय ठिवून मागं बगितलं तिनं. कायतरी बोलायचं हुतं. माजी नजर घड्याळात. धा चाळीस झालं, मी हात केला, कंडक्टरनं डबल बेल मारली. परत आली न्हाई ती."

सुनील प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता, तो तसाच उभा राहिला. इतकी वर्षं ते आमच्यापुढे त्यांची बायको उभी करत होते आणि आम्ही वहीत रेघा मारत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"किती उशीर करू?" मी विचारलं.

"दोन मिंटं."

"आप्पा, फिल्मच चार मिनिटांची आहे."

"मग तुमी सांगा."

"चार सेकंद जमतील."

त्यांनी डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटाने चार सेकंद मोजले. मग विचारलं, "तेवड्यात बोलून हुईल तिचं?"

"होईल," मी म्हणालो. "काय बोलते ती?"

"ते मला तरी कुटं ठाव हाय?"

चार सेकंद म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. एकच चित्र थांबवून चाललं असतं, पण मग ती बाई राहिली नसती, फोटो झाला असता. मी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस काढली. घड्याळाचा काटाही पुढे सरकवला. सुनीलने एका शब्दानेही कुरकुर न करता परत सगळं टिपलं. फिल्म मुंबईला जाऊन येईपर्यंत स्पर्धेची तारीख कधीच उलटून गेली होती. ती प्रवेशिका अजून माझ्याकडे आहे.

फिल्म आली त्या रविवारी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून वर आले. घोंगड्या लावल्या. बाई स्टँडवर आली, पाट्या वाचल्या, गाडीपाशी गेली. मी चादरीकडे बघतच नव्हतो, आप्पांच्या हाताकडे बघत होतो. बाई वळली तसा त्यांचा हात वर उचलला गेला आणि खुर्चीच्या हातापासून चार बोटं वर थांबला. दहा चाळीस झाले. गाडी हलली नाही. बाईचे ओठ हलले. पदर उडाला, तो तिने गाठोड्याच्या हाताने सावरला, आणि राहिलेलं बोलली. मग मान वळवली.

आप्पांनी मान डोलावली, हो म्हटल्यासारखी. टक, टक, असा आवाज झाला आणि गाडी सुटली.

सुनीलने घोंगडी काढली तेव्हा ते चहाला न थांबता दाराशी चप्पल शोधत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "उशिरा सुटली." दोन पायऱ्या उतरले, गुडघ्यावर हात दाबून थांबले आणि मागे वळून बघितलं.

"बरं झालं, मास्तर."