ताईने जंतूंकडे बघितलं

"बुरशीची काय बिशाद! आठ दिवसांत साफ करतो!" शास्त्रज्ञाने वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, पलंगाशी उभं राहून छाती ठोकून सांगितलं. घरात त्याला शास्त्रज्ञ म्हणत, कारण लहानपणी त्याने भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. ते अजून बंद आहे.

या वेळी मात्र प्रकरण घड्याळाचं नव्हतं. नानांनी जन्मभर काढे आणि चाटणं करून लोकांचे खोकले घालवले, आणि आता त्यांचीच छाती कामातून गेली होती. परसात त्यांनी स्वतः लावलेला ज्येष्ठमध यंदा खणायचा होता. दुकानातल्या ज्येष्ठमधाला ते 'लाकूड' म्हणत, तोंडातसुद्धा घेत नसत. आपल्या हातची मुळी एकदा चघळायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. डॉक्टर तर पुढच्या हंगामाचं नावही काढत नव्हते. आणि नेमकी आत्ताच मुळांना बुरशी लागली! रोज एखादं झुडूप मान टाकत होतं.

शास्त्रज्ञाने रोपवाटिकेतून जिवाणूंची बाटली आणली. हे म्हणे चांगले जंतू! मुळांभोवती वस्ती करतात आणि बुरशीला पाय ठेवू देत नाहीत. ते पाण्यात कालवून त्याने फवारणीचा पंप भरला आणि सावलीत ठेवला. ऊन उतरलं की मुळाशी सोडायचे. तेवढ्यात नानांचा ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आल्याचं दिसलं. नवा आणायला धावत सुटताना तो फाटकातूनच ओरडला, "ताई, पंपात जंतू आहेत गं! जरा बघ त्यांच्याकडे!"

"बघते!" ताई म्हणाली.

आता ही ताई म्हणजे इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. जंतूंकडे बघायची तिची एकच पद्धत होती. नाना आजारी पडल्यापासून दाराच्या कड्या, चष्मे, रोजचा पेपर, सगळं तिच्या हातून पुसून निघत होतं. पंप ओतून द्यावा तर जंतू परसभर पसरणार! म्हणून तिने जंतुनाशकाची अख्खी बाटली पंपातच रिकामी केली, झाकण लावून खळाखळा हलवलं आणि ड्यूटीवर निघून गेली.

शास्त्रज्ञ परतला. घरभर तोच वास असल्यामुळे त्याच्या नाकाने कधीच हात टेकले होते. "जा बाळांनो, सुखाने नांदा!" म्हणत त्याने एकूण एक झुडपाच्या मुळाशी पंप सोडला.

दोन-तीन दिवसांत आजारी झुडपं गेली. मग धडधाकटही गेली.

"ताई, तू जंतूंकडे बघितलं होतंस ना?"

"बघितलं म्हणजे? एक जिवंत ठेवला नाही!"

"अगं, ते आपले होते!"

"जंतू कधी आपले असतात का रे? आणि होते, तर 'सांभाळ' म्हणायचं! 'बघ' काय?"

शास्त्रज्ञाने वाळलेल्या झुडपांकडे बोट दाखवलं. ताई वाफ्याकडे बघत राहिली आणि एकदम तिचा आवाज फुटला. "म्हणजे नानांची मुळी मीच मारली रे!" इतक्या वर्षांत तिला असं रडताना त्याने पाहिलं नव्हतं. त्यालाही भरून आलं.

दोघांनी मिळून सगळा वाफा खणला. बहुतेक मुळं काळी, मऊ. एक तेवढी धड निघाली. ती धुतली, पुन्हा धुतली आणि नानांच्या हातात दिली. चघळायला नको, नुसती बघा, दोघं म्हणाले.

नानांनी मुळी नाकाशी नेली. दोघांची सगळी बोलाचाली त्यांनी पलंगावरूनच ऐकली होती.

"हिच्याकडेही ताईनेच बघितलं वाटतं!"

नाना इतके हसले, इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. ती काही केल्या थांबेना. शेवटी ताई पळत जाऊन दुकानातला ज्येष्ठमध घेऊन आली. नानांनी तो मुकाट्याने तोंडात धरला.

"लाकूड नाही हो, चांगला गोड आहे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते औषधाच्या बाबतीत खोटं बोलले.