मयुरीच्या वाटचं

पोटुशी बाईला कुणी खायला दिलं आणि तिनं नाही म्हटलं, की देणारीचं तोंड एवढंसं होतं. आणि वडनेर गावात देणाऱ्या हातांना काय तोटा! मयुरीची ग्लुकोजची तपासणी मागच्या सोमवारी अशीच बुडाली. बिचारी रात्रभर उपाशी राहिली, आणि सकाळी निघताना शेजारच्या तानाबाईनं फाटकातच तिच्या तोंडात डिंकाचा लाडू कोंबला. झालं!

मयुरीच्या आईला शुगर होती. "मलेही निघाली तं? बाळाले काई झालं तं?" या धास्तीनं तिची झोप उडाली होती. सहावा महिना संपत आलेला, डॉक्टरीणबाई रागावलेल्या. शेवटी सासूनं, आनंदाबाईंनी, पदर खोचला.

"या टाइमाले मी येतो संगं. पाहू कोण खाऊ घालते तुले!"

सकाळी फाटकात तानाबाई हजर. "आज तं नाई म्हनू नको वं पोरी."

"आन इकडं. तिच्या वाटचा मी खातो," म्हणत आनंदाबाईंनी लाडू गट्ट केला. तानाबाई खूश झाली.

ऑटोवाल्या बंडूजींनी नातीच्या बारशाचे पेढे काढले. तेही मयुरीच्या वाटचे म्हणून आनंदाबाईंच्या पोटात गेले. हिंगणघाटला उतरताच मावससासू मंदाबाई भेटली. तिनं गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडला, वर आनंदाबाईंना गोडमिट्ट चहा पाजला.

"आई, पुरे ना आता," मयुरी कळवळली.

"चूप राय वं. तुह्यासाठीच तं करून राह्यली मी!"

लॅबमध्ये सुई पाहून मयुरीनं हात मागं ओढला. "काई दुखत नाई, हे पाय," म्हणून आनंदाबाईंनी स्वतःचंच बोट लॅबवाल्या कैलाससमोर धरलं. "आधी माह्यं टोच, बाप्पा."

कैलासनं टोचलं. मशीनकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मावशी, शुगर दोनशे नव्वद! सकाळपासून खाल्लं काय?"

"मी? माह्या वाटचा तं दानाही नाई गेला पोटात. समदं हिच्याच वाटचं होतं!"

कैलासनं कपाळाला हात लावला. "उद्या उपाशीपोटी या. चहाही नाई घ्यायचा."

मयुरीनं रक्त दिलं, नाक दाबून ग्लुकोजचं पाणी प्यायली आणि दोन तास सासूचा हात धरून बसली. ओकारी दोनदा गळ्याशी आली, तिनं गिळली. मग पुन्हा रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल! ती बाकावरच हमसून रडायला लागली.

"रडू नको वं, बाळाले वाटन आजी मेली," आनंदाबाई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पन माह्यं काय होईन?"

"काई नाई होत, आई. गोळी सुरू होईन, गोड बंद होईन. नातू खेळवाचा हाये तुमाले. उद्या मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी फाटकात तानाबाई डबाच घेऊन उभी. "रिपोर्ट चांगला आला म्हने! घ्या, दोघीही तोंड गोड करा."

आनंदाबाईंचा हात सवयीनं पुढं झाला. मयुरीनं तो अलगद खाली केला आणि डब्यातले दोन लाडू उचलले.

"आना इकडं, काकू. आईच्या वाटचा मी खातो."