सनदची कॉफी

सनदला नकार कळतो, याबद्दल सुहैबची पक्की खात्री होती. सोमवारी सकाळी केंद्राच्या पायऱ्या चढताना ती खात्री त्याने स्वतःला अकरा वेळा सांगितली. बाराव्या वेळी पायरी चुकली.

सनद म्हणजे त्याने तीन वर्षं खपून बनवलेला, चाकांवर चालणारा, कमरेइतका यंत्रमानव. सल्त शहरातल्या या विशेष मुलांच्या केंद्रात तो राहणार की खोक्यात बंद होऊन घरी जाणार, हे आज ठरायचं होतं. ठरवणार होत्या संचालिका, डॉक्टर इब्तिहाल. सुहैबला त्यांचा इतका धाक, की फोनवर त्यांचं नाव दिसलं तरी तो उठून उभा राही.

"माझी मुलं दोन-दोन वर्षं झगडून 'नको' म्हणायला शिकतात," त्या म्हणाल्या. "ज्याला 'नको' समजत नाही, ते मी इथे ठेवत नाही. यंत्र नाही, माणूसही नाही."

"त्याचीच तर सोय केलीय, बाई," सुहैब चाचरत म्हणाला. "सनद कॉफीचा फिंजान, हा चिमुकला पेला, पुढे करतो. आत साधं पाणी. मुलानं प्यायचं, रिकामा परत द्यायचा. सनद पुन्हा भरतो. पुरे वाटलं की फिंजान हलवायचा, आपल्याकडे पाहुणे हलवतात तसा. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही 'पुरे' सांगता येतं."

"आणि कुणी तोंडाने 'नको' म्हटलं तर?"

"तेही शिकलाय. घरी आलेल्या खऱ्या पाहुण्यांची बोलणी ऐकवलीत. चाळीस तास."

कुणाच्या घरी, ते बाईंनी विचारलं नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाखाली आठ वर्षांची जुलनार बसली होती. गेल्या चार महिन्यांत तिने कुणाच्या हातून काही घेतलं नव्हतं. "तिला तिथेच असू दे," बाई म्हणाल्या. "आधी मला दाखव."

सुहैबने बटण दाबलं. सनद सरसरत बाईंपुढे आला आणि त्याने फिंजान धरला.

"या, बसा. कॉफी घ्या," सनद म्हणाला. आवाज सुहैबच्या आईचा होता. दुसरा कोणता आवाज मायाळू असतो, हे सुहैबला सुचलंच नव्हतं.

"नको, धन्यवाद," बाई म्हणाल्या.

"असं कसं? घोटभर घ्या."

"नको म्हटलं ना."

"लाजताय कशाला, घर तुमचंच आहे." सनद एक वीत पुढे सरकला.

सुहैबला आता उमगलं. त्या चाळीस तासांत त्याच्या आईने एकाही पाहुण्याचा नकार ऐकलेला नव्हता. पाहुणे 'नको' म्हणत, आई भरत जाई. सनद शिकला होता; अगदी नीट शिकला होता.

"बाई, पाणी पिऊन फिंजान हलवा, रिकामाच कळतो त्याला. लगेच थांबेल."

बाईंनी फक्त त्याच्याकडे बघितलं. तेव्हा त्याला आठवलं, आज सोमवार. बाईंचा दर सोमवारचा रोजा असणार. आणि स्वतःहून धरलेला रोजा त्या चारचौघांत सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आमच्या हातचं चालत नाही होय?" सनदच्या आवाजात आता रुसवा होता. बाई मागे सरल्या. सनद पुढे. त्या कपाटाला वळसा घालून गेल्या, सनदनेही घातला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला!"

"सुहैब, बंद कर हे."

सुहैबने फोन काढला. पण बोटांना इतका घाम फुटला होता की पडदा दाद देईना. बंद करायचं दुसरं बटण सनदच्या पाठीवर होतं. तो मागून पुढे झाला, आणि सनद गर्रकन वळून म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस, मोठी माणसं बसलीत." सुहैबचा हात आपोआप खाली आला. तेहतीस वर्षांची सवय.

बाई कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अडकल्या होत्या. फिंजान त्यांच्या हनुवटीपाशी. तीन वर्षं संपली, सुहैबला वाटलं.

तेवढ्यात टेबल खरखरलं.

जुलनार बाहेर आली. एका कानावर हात दाबलेला, मान खाली. ती थेट सनदपाशी गेली, दुसऱ्या हाताने त्याच्या हातातून फिंजान काढून घेतला, घटाघटा पाणी प्यायली, आणि रिकामा फिंजान डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे हलवला.

"अंगी लागो, लेकरा," सनद म्हणाला आणि गप्प झाला.

जुलनारने फिंजान त्याच्या हातात ठेवला आणि ती टेबलाखाली परत गेली. जाताना तिने कानावरचा हात काढला.

बाईंनी ओढणी सारखी केली. डोळे पुसायला त्यांना जरा वेळ लागला. "यंत्र राहील," त्या म्हणाल्या. "त्याला तोंडी 'नको' शिकवून मगच मुलांपुढे आणायचं. पण ते चाळीस तास बोललंय कोण?"

"माझी आई."

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे मायेने बघितलं.

दुपारी घरी आईने मन्सफचं, दह्यातल्या मटण-भाताचं ताट पुढे ठेवलं. दुसऱ्या वाढीनंतर सुहैब म्हणाला, "यम्मा, पुरे." तिने वाढलं. तिसऱ्या वाढीनंतर "खरंच नको" म्हणाला. तिने वाढलं. मग त्याने सगळा धीर गोळा केला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि डावीकडे उजवीकडे हलवलं.

"बघ," आई म्हणाली, "भात खाली बसला. अजून जागा आहे."