शर्मिष्ठा घारे, मु. भिवपुरी

घारेभाऊ छापलेला कागद आधी उलटा धरतात. उलटा म्हणजे कोरी बाजू पुढे करून नव्हे, डोकं खाली आणि पाय वर. तसा तो घेऊन खिडकीशी जातात, हायवेच्या बाजूच्या उजेडात धरतात आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहतात. सहा वर्षांपूर्वी मी कुंभिवलीच्या या ऑफिसात लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, या गृहस्थांना वाचता येत नसावं आणि भिडेपोटी कोणी त्यांना सांगत नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी याच पद्धतीनं माझ्या बाराशे पानांतली चूक चहा गार व्हायच्या आत काढून दिली. मी मनातल्या मनात कान धरले.

"सरळ धरलं की आपण वाचाय लागतो, ताई," त्यांनी मला समजावलं. "वाचाय लागलं की नसल्यालं पण मन भरून घेतं. उलटं धरलं की नुसतं पान दिसतं."

कागदाचं ठीक आहे, पण कॉम्प्युटरचा पडदा उलटा होत नाही. मग भाऊ स्वतः उलटे होतात. खुर्चीला पाठ लावून मान मागं टाकतात आणि पडदा तसा बघतात. एकदा आमचे मालक नितीनशेठ आत आले, त्यांना वाटलं भाऊंना फिट आली. ते खालच्या वडापावच्या गाडीवरून कांदा फोडून घेऊन आले, तोवर भाऊंना चूक सापडली होती. कांदा आम्ही जेवणात खाल्ला.

आमच्या ऑफिसात नक्की काय चालतं, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. शाळा, कॉलेजं, दवाखाने आपली माहिती आमच्याकडे एक्सएमएल नावाच्या फाइलीत पाठवतात. त्यात प्रत्येक गोष्टीला पुढून-मागून चिठ्ठी असते. इथे नाव सुरू झालं, इथे नाव संपलं, इथे गाव सुरू झालं, इथे संपलं. रूप काहीच नसतं. रूप आमच्याकडच्या साच्यात असतं, म्हणजे नाव कुठे बसवायचं, फोटो कुठे, रेघ कुठे. दोन्ही मिळून पीडीएफ बाहेर पडते आणि ती छापली की झालं हॉलतिकीट, झालं प्रमाणपत्र.

निदान व्हावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अक्षरांचे चौकोन होतात, रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तक्ता पानाबाहेर चालू लागतो. आणि मशीन म्हणतं, काही चूक नाही. अशा वेळी सगळं ऑफिस घारेभाऊंच्या टेबलाकडे बघतं. हा माणूस पूर्वी कर्जतला छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडल्यावर वयाच्या पंचेचाळिशीनंतर हे सगळं शिकला, तेही कोणी न शिकवता. आमच्यात दोघेजण इंजिनियर आहेत. ते भाऊंसमोर पेन घेऊन उभे राहतात.

भाऊंचं एक ठरलेलं वाक्य आहे. "चूक दिसते तिथं नस्ते. ती मागल्या घरी जेवाय बसल्याली असते."

एका कॉलेजची प्रमाणपत्रं होती. प्रत्येक प्रमाणपत्रामागून एक कोरं पान बाहेर यायचं. दोन दिवस आम्ही साच्याशी मारामारी केली, समास कमी केले, रेघा काढल्या, पान काही जाईना. भाऊंनी कागद उलटा धरला आणि म्हणाले, "पत्त्याच्या खाली कोनतरी उभं हाय. दिसत नाय, पन जागा खातंय." फाइल उघडून पाहिली, तर तिकडच्या कारकुनानं सही जरा खाली यावी म्हणून प्रत्येक पत्त्यानंतर अकरा वेळा एंटर दाबलं होतं. आमच्या मशीननं त्या अकराच्या अकरा रिकाम्या ओळींचा मान राखला होता. मला आजही कळत नाही, जे छापलंच गेलं नाही ते या माणसाला कसं दिसलं.

आता पोरीबद्दल सांगायला हवं.

कुठलाही नवा साचा तयार झाला की त्यात आधी एक खोटं नाव घालून बघतात. आम्ही बाकीचे आळशी. आमच्या चाचणीतल्या माणसाचं नाव 'अबक' आणि गाव 'कखग'. भाऊंचं तसं नव्हतं. त्यांची चाचणी म्हणजे शर्मिष्ठा दामोदर घारे, मु. भिवपुरी. दामोदर घारे हे स्वतःच, पण आम्हाला त्यात विशेष वाटलं नाही. घाईत माणूस स्वतःचंच नाव टाकतो. आणि शर्मिष्ठा का, तर रफार, वेलांटी आणि जोडाक्षर एकाच नावात. फॉन्ट कुठे अडखळणार असेल तर इथेच अडखळेल. इंजिनियरांनी तर कौतुकानं ते नाव वहीत उतरवून घेतलं होतं.

साचा तयार झाला की भाऊ म्हणायचे, "पहिली पोरगी पाठवा." मशीन घरघरलं की विचारायचे, "पोरगी निघाली का?" हळूहळू सगळं ऑफिस तसंच बोलायला लागलं. नितीनशेठ फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, उद्या देतो, पोरगी आजच निघाली. पलीकडचा माणूस काय समजत असेल देव जाणे.

या पोरीचं वय दर वर्षी एकानं वाढायचं. मी यायच्या आधी ती दहावीला बसली होती, बारावीही झाली होती. मी लागले त्या वर्षी एका कॉलेजच्या पदवीच्या साच्यात ती बीएस्सी झाली, पहिल्या वर्गात. मी गमतीनं म्हटलं, भाऊ, लेक पदवीधर झाली, पेढे कुठे आहेत? दुसऱ्या दिवशी भाऊंनी खरोखर पावशेर पेढे आणले. आम्ही पोट धरून हसलो आणि सगळे संपवले.

दवाखान्याच्या कागदात मात्र ते तिला कधी जाऊ द्यायचे नाहीत. "तिथं मला घाला," म्हणायचे. त्यामुळे आमच्या कपाटात घारेभाऊंना टायफॉइड आहे, हर्निया आहे, आणि एका प्रसूतिगृहाच्या कार्डावर त्यांना सातवा महिना लागलेला आहे, पोटातलं बाळ व्यवस्थित. ते कार्ड आम्ही वर्षभर भिंतीवर लावलं होतं. भाऊही बघून हसायचे.

यंदा मार्चअखेर भाऊ निवृत्त होणार होते. त्याच सुमारास नितीनशेठनी नवी सिस्टिम घ्यायचं ठरवलं आणि जुन्या चाचणीच्या फाइली पुसून टाकायचं काम माझ्याकडे आलं. काय ठेवायचं, काय काढायचं याची यादी करत होते तेव्हा भाऊ टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पोरीचं काय करनार, ताई?"

मी यादीतून मान वर न काढता म्हटलं, आता सत्तावीस झालं की तिला, लग्न लावून देऊ. भाऊ आपल्या जागेवर गेले. नंतर तीन-चार वेळा ते असेच टेबलापाशी येऊन गेले आणि काहीतरी दुसरंच विचारून परत फिरले.

फेब्रुवारीत एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची हॉलतिकिटं आली. परीक्षा सोमवारी, आणि शुक्रवारी सकाळी लक्षात आलं की त्रेसष्ट तिकिटांवर परीक्षाकेंद्राची चौकट रिकामी आहे. गाव बघून कर्जत की खालापूर हे साचा आपोआप ठरवायचा. त्रेसष्ट वेळा त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. सगळी मुलं डोंगराकडच्या एकाच शाळेतली, आसपासच्या वाड्यांमधली. केंद्र चुकलं तर पोरं उन्हातान्हात भलत्या गावाला पोचणार आणि परीक्षा बुडणार.

इंजिनियर साच्यात शिरले. भाऊ म्हणाले, आधी पोरगी पाठवा. पोरगी निघाली, केंद्र कर्जत, चौकटीत मधोमध.

"साचा बरोबर हाय. त्याला हात लावू नका."

मग त्यांनी त्रेसष्टातली पाच-सहा तिकिटं उलटी करून खिडकीशी धरली. "ताई, गावाच्या ओळी बघा. सगळ्या एका लांबीच्या. एवढी गावं एका मापाची असत्यात व्हय?"

मी कागद सरळ केला. गावाच्या जागी छापलं होतं, 'वरीलप्रमाणे'. तो शब्द मी सकाळपासून पन्नास वेळा वाचला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. शाळेच्या कारकुनानं हजेरीच्या रजिस्टरात लिहितात तसं लिहिलं होतं, प्रत्येक गावच्या पहिल्या मुलाला गावाचं नाव आणि त्याच्या खालच्यांना वरीलप्रमाणे. रजिस्टरात ते बरोबरच होतं. पण हॉलतिकिटावर प्रत्येक मूल आपल्या पानावर एकटं असतं, त्याच्या वर कोणीच नसतं. त्यातून आम्ही नावं आडनावाप्रमाणे लावून घेतलेली, म्हणजे यादीत वर कोण होतं तेही आता कळायची सोय नव्हती.

शाळेत फोन लागेना. मग मी स्कूटर काढली आणि भाऊ मागे बसले. शाळा भिवपुरीच्याही पुढे. कारकून कंटाळलेला होता, म्हणाला सगळी इकडचीच पोरं, टाका कर्जत सरसकट. भाऊंनी रजिस्टर उघडलं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून गाव विचारायला सुरुवात केली. त्यातल्या अकरा जणांचं केंद्र खालापूर निघालं. कारकून ओशाळला. भाऊ त्याला रागावले नाहीत. "ज्याच्या कागदावर ज्याचं त्याचं गाव पायजे," एवढंच म्हणाले. आम्ही दुरुस्त यादी तिथूनच ऑफिसात पाठवली आणि तासाभरात निरोप आला, त्रेसष्टही निघाली.

परत येताना भाऊंचं घर वाटेतच होतं. संध्याकाळ व्हायची होती. चहा घेऊन जा म्हणाले. वहिनींनी चहा ठेवला, आणि मी त्यांना आमच्या ऑफिसातल्या गमती सांगायला लागले. बोलता बोलता मी म्हटलं, वहिनी, तुमच्या शर्मिष्ठेनं आज त्रेसष्ट पोरांची परीक्षा वाचवली.

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. मग आतून एक जाड फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली.

प्लास्टिकच्या पाकिटांत एकेक कागद नीट लावलेला होता. दहावीचं हॉलतिकीट. बारावीचं गुणपत्रक. वाचनालयाचं कार्ड, कॉलेजचं ओळखपत्र, पदवी. फोटोच्या सगळ्या चौकटी रिकाम्या, आणि प्रत्येकावर नाव. मी पानं उलटत सुरुवातीला गेले. पहिल्या पाकिटात आमच्याकडचा नसलेला एक कागद होता, जुना, घड्यांवर पिवळा पडलेला जन्माचा दाखला. आईचं नाव होतं, बापाचं होतं. मुलीच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"नऊ दिवसांची हुती," भाऊ म्हणाले. "बाराव्याला बारसं करायचं हुतं. नाव हिनं आदीच ठरवल्यालं. पन नाव ठेवल्याबिगर कागदावर कसं येनार?"

"मला तर ते नाव लिवताबी येत नवतं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी कागद आनून दावला तवा बगितलं, कसं दिसतं ते."

मला ते पेढे आठवले. आम्ही हसत हसत खाल्लेले. मी माफी मागायला गेले तर भाऊंनी हात हलवून थांबवलं. म्हणाले, तुमी मागितलं म्हनून तर आनाय मिळालं. नायतर मी कोनत्या तोंडानं वाटनार हुतो?

निघताना दारापर्यंत आले. चपला घालेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "ताई, पुसू नका तिला. आन् तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला वय वाढवायचं असतं. तेवढं ध्यानात ठेवा."

मार्चअखेर भाऊ निवृत्त झाले. नव्या सिस्टिममध्ये चाचणीची नावं आयतीच येतात, नमुना एक, नमुना दोन. मी नमुना एक काढून टाकला आणि त्या जागी शर्मिष्ठेला बसवलं. नितीनशेठनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी भाची आहे. ते माझ्याकडे जरा बघत राहिले. मग म्हणाले, राहू दे.

तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात एका संस्थेचा नेमणूकपत्रांचा साचा तयार झाला. मी सत्तावीसचं अठ्ठावीस केलं आणि सगळ्यात आधी तिला पाठवलं. कागद गरम होता तोवरच खिडकीशी नेला आणि उलटा धरला. हल्ली मलाही सवय लागली आहे. चारी बाजूंनी जागा सारखी होती, कुठे काही हललं नव्हतं. मग सरळ करून वाचला, आणि भाऊंना फोन लावला.

"भाऊ, पोरगी निघाली."

 भाऊंनी विचारलं, "कशात?"

"नोकरी लागली तिला. पुढच्या एक तारखेपासून हजर व्हायचंय."

भाऊंनी फोन बाजूला धरला असावा, कारण पुढचं त्यांचं बोलणं लांबून आलं, ते माझ्याशी नव्हतं. "अगं, ऐकलंस का? कुंभिवलीला जाऊन येतो. जाताना पेढं घ्यायचं हायत."