पितळी रेघेचा पाना

जावईबापूंचं बोट पान्याच्या कड्यात गेलं ते अगदी सहज. घोळ झाला तो बाहेर काढताना!

आणि पाना तरी कुणाचा? सासऱ्यांचा! उभा जन्म गाड्या दुरुस्त केलेला माणूस. जुन्या हत्यारांची त्यांची लोखंडी पेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीत पकडी होत्या, छिन्न्या होत्या, लाकडी मुठीचे पेचकस होते. पण सगळ्यांत मान या रिंग पान्याचा. त्याच्या कड्यावर एक पितळी रेघ होती. "अशी रेघ फक्त खास मालावर असायची," असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

आता हात थरथरायला लागल्यामुळे ही पेटी दोन जावयांपैकी एकाला द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दोघांनी ती आठवडा-आठवडा सांभाळायची, मग निकाल. साडूने पेटी परत केली ती चकचकीत. आमच्या धाकट्या जावईबापूंना आजवर सासऱ्यांनी साधा बल्बही बदलू दिला नव्हता. एकदा, फक्त एकदा त्यांनी 'शाब्बास' म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची हौस. सासरे संध्याकाळी पेटी बघायला येणार, म्हणून तो तेलाची चिंधी बोटाला गुंडाळून कड्याच्या आतले दाते पुसायला बसला. चिंधी पलीकडे निघून गेली, बोट तिथेच राहिलं.

"अहो, ओढा ना!" बायको म्हणाली.

"ओढतोयच! मजा म्हणून बसलोय का?"

साबण झाला, बर्फ झाला. मग बायकोने पाना धरला, याने दाराची चौकट धरली, आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं. बोट लालाचं जांभळं झालं.

"बाबांना फोन करते. त्यांना नक्की काहीतरी माहीत असेल."

"वेड लागलंय का तुला? पेटी गेलीच मग साडूच्या घरी!"

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बघितलं, पाना बघितला आणि मान हलवली. "बोटाचं मी बघेन हो, लोखंडाचं काय करू? कोपऱ्यावर गॅरेज आहे, आधी हे उतरवून या. आणि उशीर करू नका, नाहीतर बोट गमवाल."

हात रुमालाखाली लपवून जावईबापू गॅरेजकडे पळाले, मागून बायको. मेकॅनिकने रुमाल उचलला आणि सरळ ग्राइंडरकडे हात नेला.

"दोन मिनिटांचं काम आहे साहेब. पाना कापतो."

"पान्याला हात लावायचा नाही!"

"मग काय बोट कापू?"

जावईबापूंनी एकदा बोटाकडे बघितलं, एकदा पान्याकडे.

"अहो!" बायको किंचाळली. "यात विचार कसला करताय?"

ती तरातरा बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्यामागे सासरे होते. फोन झाला होता तर! आता 'शाब्बास' या जन्मी विसराच.

"बाबा, माझं चुकलं... मी फक्त पुसत होतो..."

चष्मा चढवून सासऱ्यांनी बोट इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग लेकीला म्हणाले, "जा, यांच्यासाठी पाणी घेऊन ये." ती गेल्याची खात्री करून घेतली आणि मेकॅनिकच्या कानाशी वाकले.

"तो ग्राइंडर ठेव खाली, बोट भाजेल. साधी करवत घे आणि त्या पितळी रेघेवर चालव. तिथे लोखंड नाहीच, नुसता पितळेचा जोड आहे. मागच्या वेळीही तिथूनच कापला होता."

"मागच्या वेळी?" जावईबापूंनी डोळे विस्फारले.

सासऱ्यांनी आपल्या उजव्या हाताचं बोट घाईघाईने खिशात घातलं. करवत सुरू झाली, कडं जरा फाकलं, आणि जावईबापूंचं बोट सुटलं.

"पेटी आता तुमच्याकडेच राहू द्या," सासरे दाराकडे नजर ठेवून पुटपुटले. "पण हे तुमच्या सासूबाईंच्या कानावर जाता कामा नये."

"आणि पाना, बाबा?"

"परत पितळ भरून घेऊ. रेघ जरा रुंद होईल. कुणी विचारलंच तर सांगायचं, एवढ्या रुंद रेघेचा माल आता कुठे मिळत नाही."