चोच नसलेला मोर

“समई घासल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही, शोभना. देव पारोसे आणि आपण कप घेऊन बसलोय, असं चालायचं नाही.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या सुनेच्या सुटकेसमध्ये वीतभर उंचीची पितळी समई जुन्या साडीत गुंडाळून ठेवत होत्या. समईच्या टोकावर मोर होता. शोभनानं मान डोलावली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या, शारजातली तीन घरं बदलली, लेक ईशानी दहावीत आली. पण रोज सकाळी चिंच-मीठ, मग समई, मग वात आणि मग चहा, हा क्रम काही बदलला नाही. तिनं हे कुणाला सांगितलंही नव्हतं. व्रत बोलून दाखवलं की निम्मं उडून जातं, असं तिला वाटे.

व्रत नवऱ्याचं, गुणवंतचंही होतं, पण ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. लग्नाआधी तो हमरिया फ्री झोनमध्ये एकटा नोकरीला आला, तेव्हा त्याच्या ब्रिटिश साहेबानं त्याला पिशवीभर व्हिडिओ कॅसेट दिल्या होत्या. म्हणाला, बघ, इंग्लिश सुधारेल. त्यात जुन्या वस्तू पारखण्याचा एक टीव्ही कार्यक्रम होता. एका मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर, भुरभुर पावसात, माणसं रांगेत उभी असायची. कुणाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ, कुणाकडे तडा गेलेली किटली. टायवाला तज्ज्ञ वस्तू उलटी करून बघायचा, घसा खाकरायचा आणि विचारायचा, हे तुमच्याकडे कसं आलं? मग कुणाची आजी निघायची, कुणाची बिनलग्नाची आत्या. शेवटी तज्ज्ञ किंमत सांगायचा, आणि समोरचा माणूस म्हणायचा, विकायचं नाही. एका खोलीत राहणाऱ्या, घरापासून लांब पडलेल्या चार बाप्यांना दुसऱ्यांच्या आज्यांच्या गोष्टी ऐकून फार बरं वाटायचं.

आता ते सगळे जुने भाग यूट्यूबवर होते. गुणवंतला प्रत्येक किंमत तोंडपाठ होती, तरी दर रविवारी संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसायचाच.

“आता बघ, ती रडणार,” असं म्हणून तो आधी स्वतःचेच डोळे पुसायचा.

“बाबा, यू हॅव सीन धिस, लाइक, फिफ्टी टाइम्स,” ईशानी म्हणायची.

“मग? आरती काय एकदाच म्हणतात?”

अशाच एका रविवारी पडद्यावरच्या तज्ज्ञानं एका गृहस्थाला झापलं. त्यानं पणजोबांचा पुतळा घासूनपुसून चकचकीत करून आणला होता. तज्ज्ञ हळहळून म्हणाला, तुम्ही शंभर वर्षं पुसून टाकलीत. गुणवंत ताठ बसला. मग उठून देवघराकडे गेला आणि समईकडे बघत उभा राहिला.

“शोभना, उद्यापासून समई घासायची नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे खलास. ही आईच्याही आईकडून आलेली आहे. जुन्या बाजारात इद्रीसभाईंचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे ना, त्यांना दाखवू. मी मागेच विचारून ठेवलंय, ते म्हणालेत, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी या. तोवर तिला जरा वय येऊ दे.”

त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की शोभनाला नाही म्हणवेना. घासायची नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मनात सासूबाईंची क्षमा मागून न घासलेल्या समईत वात लावली, सगळ्यांचा चहा केला आणि स्वतः पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. चौथ्या दिवशी तिनं वरणात साखर आणि चहाच्या पातेल्यात हिंग घातला. गुणवंतनं एक घोट घेतला.

“आज चहा फक्कड झालाय. मसाला बदललास?”

सातव्या दिवशी ती फ्रिज उघडून कशासाठी उघडला ते आठवत उभी राहिली.

“आई, आर यू ओके? यू लुक लाइक अ घोस्ट,” ईशानी म्हणाली. गुणवंतनं शोभनाला क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर हुमेरानं बीपी पाहिलं, डोळे पाहिले.

“कुछ नहीं है, आंटी. बीपी थोडा लो है. एक कप गरम कडक चाय पीजिए.”

क्लिनिकखालीच कॅफेटेरिया होता. गुणवंत धावत जाऊन कागदी कपातून चहा घेऊन आला आणि औषध पाजायला उभा राहावा तसा समोर उभा राहिला.

“घरी जाऊन पिते,” शोभना म्हणाली.

“गार होईल.”

“मला जरा गारच लागतो.”

गाडीत तिनं तो कप दोन्ही हातांत धरला. वेलदोड्याचा वास येत होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. बिल्डिंगशी पोचल्यावर गुणवंत गाडी लावायला गेला आणि तिनं कप वॉचमनच्या हाती दिला. वॉचमननं तिला भरभरून दुवा दिली. चहाऐवजी तेवढंच मिळालं.

आठव्या दिवशी, गुणवंत ऑफिसला आणि ईशानी शाळेत गेल्यावर, तिचे हात आपोआप चिंचेच्या डब्याकडे गेले. समई लखलखली. शोभनानं वात लावली, नमस्कार केला आणि पाठोपाठ दोन कप चहा प्यायली. दुसरा कप संपल्यावर डोकं ताळ्यावर आलं, आणि आपण काय करून बसलो ते तिला दिसलं. सात दिवसांत आलेलं वय दहा मिनिटांत उतरलं होतं. आणि शनिवारी इद्रीसभाई.

टॅक्सी करून ती रोला बाजारातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथे शेल्फवर तस्सेच मोर रांगेनं बसले होते. पंचेचाळीस दिरहम. म्हणजे हजारावर रुपये, असं पुटपुटत तिनं तशी एक समई घेतली. घरी येऊन ती तुपाच्या ज्योतीवर धरली, काजळी धरवली, वर उकळलेल्या चहापत्तीचा हात फिरवला. हे करताना ती सारखी “क्षमा कर” म्हणत होती. देवाला, सासूबाईंना की त्या मोराला, ते तिलाच कळत नव्हतं. काळी समई देवघरात बसली. खरी तांदळाच्या डब्यात गेली, आणि गुणवंत ऑफिसला गेला की रोज बाहेर येऊन, घासून घेऊन, तासभर तेवून परत तांदळात जाऊ लागली.

“बघितलंस?” शुक्रवारी गुणवंत काळ्या समईकडे कौतुकानं बघत म्हणाला. “नुसता हात लावला नाही तर काय रूप येतं.”

शोभनानं देवापुढे डोळे मिटून घेतले.

शनिवारी गुणवंतनं इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला. समई मुद्दाम वर्तमानपत्रात गुंडाळली. इद्रीसभाईंच्या दुकानात जुनी कुलपं, खंजीर, अत्तरदाण्या खच्चून भरल्या होत्या. इद्रीसभाईंनी चष्मा लावला, समई उलटी केली, नाकाशी नेली, बोटाला लागलेली काजळी पाहिली. मग त्यांनी शोभनाकडे पाहिलं. तिनं पदराशी चाळा सुरू केला.

“ये आपके पास कैसे आया?” त्यांनी गुणवंतला विचारलं.

याच प्रश्नाची गुणवंत तीस वर्षं वाट बघत होता. तो हिंदीत सुरू झाला आणि लवकरच मराठीत घसरला. आई पहाटे उठायची. मोरीच्या कट्ट्यावर बसून घासायची. चिंचेनं तिची बोटं कायम लालसर असायची, त्याच बोटांनी ती घास भरवायची, आणि वरणभाताला मागे कुठेतरी आंबट चव यायची. बोलता बोलता त्याचा अंगठा मोरावरून फिरत होता. मध्येच तो अंगठा थांबला. गुणवंतही क्षणभर थांबला. मग पुढे बोलत राहिला.

इद्रीसभाईंनी सगळं ऐकून घेतलं. घसा खाकरला.

“साठ दिरहम.”

शोभनाच्या मनात हिशेब आपोआप झाला, चौदाशे रुपये, आणि ती रडायच्या बेतात आली. पण गुणवंत टाय सरळ करत शांतपणे म्हणाला, “बेचना नहीं है. माँ की है.”

इद्रीसभाईंनी समई परत त्याच वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिली. समई पारखल्याचे पैसे घ्यायला नकार दिला, उलट दोघांना खजूर दिले.

गाडी निघाली. पहिल्या सिग्नलला गुणवंत म्हणाला, “आईच्या मोराला चोच नव्हती.”

शोभनानं मांडीवरच्या समईचा कागद घट्ट केला.

“मी लहान होतो तेव्हा अर्धी होती. उरलेली तू घासून संपवलीस. याची चोच टोचते.”

मग तिनं सगळं सांगितलं. सासूबाई, चहा, वॉचमन, रोला, तांदळाचा डबा.

“सात दिवस चहा नाही? आणि मी रोज म्हणत होतो, फक्कड झालाय.”

“झालाच असेल. वासावरून कळत होतं.”

“अगं, मला एका शब्दानं सांगायचंस.”

“व्रत बोलून दाखवू नये. निम्मं उडून जातं.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “तुमची हौस मोडली मी. ‘बेचना नहीं है’ हे वाक्य तुम्हाला खऱ्या समईवर म्हणायचं होतं.”

“खरीवरच म्हटलं.”

सिग्नल सुटला.

“पण देवाच्या दिव्याला मी काजळी फासली,” ती हळूच म्हणाली. “ते काही बरं केलं नाही.”

“उरलेलं निम्मं तू सांभाळ,” गुणवंत म्हणाला. “उडालेलं माझ्याकडे दे.”

तिला वाटलं, समजूत काढायला म्हणत असतील. या माणसाला चहाशिवाय चष्मासुद्धा सापडत नाही.

रविवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा शेजारची उशी रिकामी होती. ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ओट्यावर गुणवंतचा कप पालथा होता. शेजारी वाटीत चिंच भिजत होती, जरा जास्तच, सगळ्या गल्लीची भांडी निघतील इतकी. त्यानं बाह्या वर केल्या, कुणाची झोप मोडू नये म्हणून नळ बारीक सोडला, आणि काळा मोर तळहातावर घेतला.