डिझेल सासूचा हरवलेला ठोका

मे महिन्यातलं ऊन आणि मार्तंड भोयर, नागपुरात या दोघांपासून काही लपून राहत नाही, असं खुद्द मार्तंड भोयर सांगत. हुडकेश्वरला पिठाच्या गिरणीवर त्यांचं ऑफिस होतं. पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय गुप्तहेर’ असं लिहिलं होतं, कारण त्यांच्या एका अशिलाचा जावई दुबईला होता. अश्लेषा ही त्यांची भाची आणि एकुलती एक सहायक. तिच्याकडे मुख्यतः एकच खातं होतं: मामांची दम खात चालणारी स्कूटर ढकलणं. दुरुस्त करा, दुरुस्त करा, म्हणून ती दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

“आवाजानं गुन्हेगार घाबरते वं,” मामा म्हणत.

त्या दुपारी तातडीचं बोलावणं आलं म्हणून दोघं संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या मैदानावर पोचली, तर स्टेजवर सगळ्यांची तोंडं सुतकी. ‘डिझेल सासू’ ही जोडी म्हणजे नरखेडकडच्या रुख्माबाई आणि त्यांची सून रोशनी. रोशनी लॅपटॉपवर नाचाचं संगीत वाजवायची आणि सासूबाई लुगड्यावर काळा गॉगल लावून विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवायच्या. इंजिन तीन ठोके मारायचं, चौथा गिळायचं. त्या गिळलेल्या ठोक्यावर पोरंपोरी हवेत उडायची. रुख्माबाईंच्या भाच्याच्या वरातीत सुरू झालेली ही कारकीर्द आता गोव्याच्या महोत्सवाच्या दारात उभी होती. तिथला माणूस संध्याकाळी ऐकायला येणार होता. आणि आज इंजिन चारही ठोके मारत होतं, शाळेतल्या पहिल्या नंबरासारखं.

“रेकॉर्डिंग लावा ना,” अश्लेषा म्हणाली.

“डब्यातला आवाज?” रुख्माबाई उसळल्या. “लोकं जितं इंजिन पाहाले येते, बाई!”

इंजिन बंद झाल्यावर मामांनी भिंग काढलं. तपासात ते पुस्तकी मराठी बोलत; स्कूटर बंद पडली की नागपुरी.

“उघड आहे! प्रतिस्पर्धी विक्की डीजेनं इंजिन बदललं आहे.”

“माह्या हातचं कुंकू हाय त्याच्यावर,” रुख्माबाई म्हणाल्या.

“मग सुनेचं कारस्थान. एकटीचं नाव व्हावं म्हणून!”

“मंग मी तुमाले कायले बलावलं असतं?” रोशनीनं विचारलं.

“हाच तर धूर्तपणा!”

इंजिनाला एक नवाकोरा, चकचकीत भाग बसवलेला होता. मामांनी त्यावर आपली टोपी अडकवली आणि पुरावा शोधायला ते गुडघ्यांवर बसले. मैदानाची माती चाखून त्यांनी तिच्यात चुंबकत्व असल्याचं जाहीर केलं.

अश्लेषा मात्र रुख्माबाईंच्या यजमानांकडे, हेमराजांकडे बघत होती. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि नखं ऑइलनं काळी.

“काकाजी, इंजिन दुरुस्त केलं का तुम्ही?”

हेमराजांनी मान खाली घातली. “मंग काय करू, पोरी? घरच्या बाया शयरात चार लोकाइत उभ्या राहते, अन् इंजिन खोकलत राहीन? लोकं म्हनतीन, हेमराजले दोन बायांची इज्जत नाई. मिस्त्री बलावला, मीनंबी हात लावला. जुना पार्ट भंगारात गेला.”

“तीस वर्सं विहिरीवर खोकललं, संत्री वाळली, तवा नाई सुचलं तुमाले!” रुख्माबाई कडाडल्या. पण नवऱ्याची मायाही त्यांना कळली होती. राग आणि माया एकदम आल्यामुळे त्यांनी पदरानं नुसतं इंजिन पुसलं. रोशनी लॅपटॉप मिटू लागली.

“माझा संशय पहिल्यापासून यांच्यावरच होता,” असं म्हणून मामांनी टोपी झटकली, प्रकरण निकालात काढलं आणि स्कूटरला किक मारली.

फट, फट, फट. मग काहीच नाही. मग पुन्हा फट, फट, फट.

रुख्माबाईंनी गॉगल कपाळावर चढवला. “ओ गुप्तहेर! थांबा गा! बंद नोका करू!”

संध्याकाळी अख्खं मैदान हवेत उडालं. टाळ्या आपल्या तपासाला पडताहेत या समजुतीत मामा स्टेजवर चढवलेल्या स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर न्यूट्रलमध्ये पिळत बसले. गोवा पक्कं झालं.

अश्लेषा स्कूटर घ्यायला गेली, तर तिच्यापाशी हेमराज उकिडवे बसलेले, हातात पाना.

“गोव्याले चार लोकाइत जायचं हाय, पोरी. थोडीशीच दुरुस्त करतो.”

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या स्कूटरला कुणी पाना लावत होतं. अश्लेषाचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात मागून एक हात आला. रुख्माबाईंनी पाना काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

“चला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “जेवा आधी.”

अश्लेषानं पुन्हा स्कूटर ढकलायला घेतली.